मराठी साहित्यातील थंडी आणि ऊबदार वस्त्रे

मराठी साहित्यात ऋतूंची वाटणी सारखी झालेली नाही. पावसावर आपल्या कवींनी जेवढे लिहिले तेवढे दुसऱ्या कोणत्याही ऋतूवर लिहिले नसेल. ज्या प्रदेशाची शेती, सणवार आणि घरातली चूल ही मृगावर अवलंबून, त्या प्रदेशाच्या कवितेने वारंवार आभाळाकडे पाहावे यात नवल नाही. उन्हाळ्यालाही दुष्काळाच्या कथा-कादंबऱ्यांतून आपले स्थान मिळाले. हिवाळा मात्र बहुतांशी शोभेचा ऋतू राहिला. धुके, दवबिंदू, शेकोटी, हुरडा आणि 'गुलाबी थंडी' एवढ्या मोजक्या सामग्रीत त्याचे वर्णन आटोपते. या थंडीने कोणाचे दात वाजत नाहीत, कोणाच्या बोटांना भेगा पडत नाहीत, आणि पांघरूण अपुरे म्हणून कोणी रात्रभर पाय पोटाशी घेऊन पडून राहत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय या ऋतूचाही एक लहानसा भाग आहे. थंडीत माणूस अंगावर काय घेतो आणि ते आपल्या साहित्यात कोणत्या रूपाने येते, एवढेच येथे पाहावयाचे आहे. घोंगडे, गोधडी, शाल, पासोडी, रजई, बंडी, कानटोपी यांची समीक्षा ती काय करावयाची, असे एखादा वाचक म्हणेल. परंतु साहित्य माणसाच्या किती जवळ गेले आहे हे पाहण्याच्या ज्या खुणा आहेत, त्यांत अशा वस्तूंची खूण फार विश्वसनीय असते. प्रेम, त्याग, करुणा हे शब्द कोणालाही वापरता येतात. थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाच्या अंगावर नेमके काय होते आणि काय नव्हते, हे सांगण्यासाठी त्याच्याकडे नीट पाहिलेले असावे लागते.

भाषेपासून आरंभ करू. ऊबदार कपड्यांच्या बाबतीत मराठी भाषा दरिद्री नाही. रेंगाळलेल्या कामाला आपण 'भिजत घोंगडे' म्हणतो. हा वाक्प्रचार ज्याने प्रथम केला त्याला घोंगड्याचा अनुभव होता, यात शंका नाही. मेंढीच्या लोकरीचे घोंगडे विणल्यावर त्याला चिंचोक्याची खळ देतात. ते भिजले की जड होते आणि सुकण्यास फार वेळ घेते. गोड शब्दांत गुंडाळून दिलेल्या टोमण्याला आपण 'शालजोडीतला' म्हणतो. दोषावर 'पांघरूण घालतो'. ऐपत पाहून वागावे हे सांगताना अंथरुणाचा दाखला देतो. नुसती नावे घेतली तरी कांबळे, धाबळी, वाकळ, चौघडी, दुलई, पासोडी, बंडी, बाराबंदी, कानटोपी, गळपट्टा अशी लांब यादी होते. यांतील प्रत्येक शब्दामागे निराळे कापड, निराळी वीण आणि निराळी ऐपत आहे. भाषेत एवढे पांघरूण असून साहित्यात थंडी इतकी थोडी का, हा प्रश्न म्हणूनच विचारण्यासारखा आहे.

याचे एक कारण आपल्या काव्यपरंपरेत सापडते. संस्कृत काव्याने हेमंत आणि शिशिर या ऋतूंकडे मुख्यतः शृंगाराच्या दृष्टीने पाहिले. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'त या दोन ऋतूंना दोन स्वतंत्र सर्ग आहेत. शिशिराच्या सर्गाच्या आरंभीच, या दिवसांत लोकांना काय प्रिय होते ते कवी सांगतो : खिडक्या बंद केलेले घर, अग्नी, सूर्याची किरणे, जाड वस्त्रे आणि तरुण स्त्रिया. जाड वस्त्रांचा उल्लेख तेथे आहे. पण तो सुखाच्या साधनांच्या मालिकेतील एक मणी म्हणून आहे. ज्याच्यापाशी घर, खिडकी आणि जाड वस्त्र यांपैकी काहीच नाही, तो त्या श्लोकाच्या बाहेर उभा आहे. कालिदासाला हा दोष देता येणार नाही, कारण त्याचा हेतूच निराळा होता. पण ती दृष्टी पुढे रूढी झाली, आणि हिवाळा म्हटला की सुख, असे समीकरण आपल्या वर्णनपर लेखनात कायम झाले. अर्वाचीन काव्यात ते पालटले तेव्हाही शिशिर हा पानगळीचा, म्हणजे मनाच्या उदासीनतेचा ऋतू झाला. मर्ढेकरांच्या १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या संग्रहाचे 'शिशिरागम' हे नावच या पालटाची साक्ष देते. सुख गेले आणि उदासीनता आली. शरीराला लागणारी थंडी मात्र दोन्ही वेळा बाहेरच राहिली.

संतवाङ्मयाची गोष्ट निराळी आहे. संत ज्या लोकांत वावरले, त्यांच्या खांद्यावर खरोखरीचे घोंगडे होते. काल्याच्या आणि गौळणींच्या रचनांतील कृष्ण शाल पांघरत नाही. गुराख्याची कांबळी त्याच्या खांद्यावर असते. दामाजीपंतांची कथा सांगताना कीर्तनकार विठू महाराच्या रूपाने बेदरच्या दरबारी गेलेल्या देवाला काठी आणि घोंगडी देतो. देवाला गरिबाचे पांघरूण देणे हा विचार लहान नाही. ज्या समाजात वस्त्रावरून माणसाची पायरी ठरत होती, त्या समाजात देवाच्या अंगावर घोंगडे घालणे म्हणजे त्या पायऱ्यांवरच बोट ठेवणे होते. तरीही संतांचे अंतिम लक्ष्य देहाच्या पलीकडे असल्यामुळे घोंगडे लवकरच रूपक होते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायाने शीत आणि उष्ण यांची जोडी सहन करण्याच्या गोष्टींत घातली, आणि त्याच अध्यायाने देहालाच जुन्या वस्त्राची उपमा दिली. देहच जेथे वस्त्र ठरला, तेथे देहावरच्या वस्त्राची विचारपूस कोण करणार?

या प्रवृत्तीचे सर्वांत विलक्षण उदाहरण म्हणजे अंबाजोगाईच्या दासोपंतांची पासोडी. पासोडी म्हणजे थंडीत अंगावर घ्यावयाचे जाड सुती वस्त्र. दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर आपला 'पंचीकरण' हा ग्रंथ लिहिला, आणि ती रचना पासोडी याच नावाने ओळखली गेली. ग्रंथलेखनाच्या इतिहासात या पासोडीचे मोल मोठे आहे, आणि एका माणसाच्या चिकाटीचे ते अपूर्व स्मारक आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहिले तर पांघरुणाचा असा पूर्ण ग्रंथ झालेला दुसरीकडे आढळणार नाही. वस्त्र अर्थाने भरले, आणि पांघरण्याचे काम संपले. आपल्या साहित्यात ऊबदार वस्त्रांचे पुढे जे झाले, त्याचे हे जणू प्रत्यक्ष चित्रच आहे.

शालीची कथा याहून थोडी निराळी. शाल ही पेशवाईत सन्मानाचे वस्त्र झाली, आणि आजही तिने ते पद सोडलेले नाही. शाल व श्रीफळ यांवाचून आपली एकही सभा पार पडत नाही. सत्कार वैशाखात असला तरी शाल पांघरवलीच जाते, आणि सत्कारमूर्ती ती दोन मिनिटांत घडी करून बाजूला ठेवतात. यात हसण्यासारखे असले तरी दोष देण्यासारखे काही नाही. प्रत्येक समाजाला मानाची काही चिन्हे लागतात. इतकेच म्हणावयाचे की, शाल शब्द लिहिला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम व्यासपीठ येते, थंडी येत नाही. ज्या लेखकाला शालीची ऊब सांगावयाची असेल, त्याला आधी तिच्यावरचा हा मान उतरवून ठेवावा लागतो.

गोधडीने अलीकडच्या काळात शालीपेक्षाही अधिक जागा व्यापली आहे. आईच्या, आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी आणि तिच्यात साठलेली माया या विषयावरच्या कविता नियतकालिकांच्या दर दिवाळी अंकात भेटतात. त्यांतील भावना खोटी आहे असे कोणीही म्हणणार नाही. पण बहुतेक कवितांत माया इतक्या घाईने येते की गोधडी दिसेनाशी होते. खरे पाहता गोधडीची ऊब सांगण्यासाठी मायेला इतक्या लवकर हाक मारण्याचे कारण नाही. कापड स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. देहाची उष्णता बाहेर जाऊ न देणे एवढेच त्याचे काम, आणि ते काम मुख्यतः थरांमध्ये अडकून राहिलेली हवा करते. जुनी लुगडी मऊ झालेली असतात म्हणून त्यांचे थर एकमेकांना लागून बसतात. ते सरकू नयेत, त्यांची गोळी होऊ नये, म्हणून जवळजवळ धावदोरा घालावा लागतो. एक गोधडी पुरी होण्यास दुपारच्या दुपारी जातात, आणि ज्या बाईला त्या दुपारी मिळत नाहीत तिच्या घरी गोधडी होत नाही. हे सारे जो कवी पाहील, त्याला 'माया' हा शब्द लिहिण्याची गरज पडणार नाही. वाचक तो शब्द स्वतः उच्चारील, आणि तो त्याचा स्वतःचा असेल.

सारांश, आपल्या साहित्यात घोंगडे भक्तीचे, शाल मानाची आणि गोधडी वात्सल्याची खूण म्हणून आली. खूण होण्यापूर्वी वस्तूला वस्तू म्हणून जे आयुष्य असते, ते तिला क्वचितच मिळाले. हा नियम असला तरी त्याला अपवाद आहेत, आणि त्यांपैकी एक अपवाद इतका ठसठशीत आहे की त्याकडे सविस्तर पाहणे आवश्यक वाटते. तो म्हणजे वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'.

गोडसे भटजी कोकणातून १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळावी या आशेने. वाटेत ते बंडाच्या धामधुमीत सापडले आणि झाशीस राहिले. हा वृत्तांत त्यांनी पुढे सुमारे पाव शतकाने, १८८३च्या सुमारास लिहिला. चिंतामणराव वैद्यांनी तो १९०७ साली संपादून छापला, आणि मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. झाशीचा वेढा आणि शहराची लूट यांच्या वर्णनासाठी हा ग्रंथ सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्यात थंडीच्या दिवसांतील एक प्रसंग आहे. लक्ष्मीबाई महालक्ष्मीचे दर्शन घेऊन परतत असता दक्षिण दरवाजापाशी भिकाऱ्यांची दाटी दिसली. दिवाणास कारण विचारता कळले की, थंडी फार पडली आहे आणि या लोकांपाशी अंगावर घेण्यास काही नाही. तेव्हा बाईसाहेबांनी आज्ञा केली की, आजपासून चौथ्या दिवशी शहरातील गोरगरिबांस जमवावे, आणि प्रत्येकास एक टोपी, एक जाड अंगरखा आणि पांढरे किंवा काळे घोंगडे द्यावे. गावातल्या शिंप्यांना टोप्या व अंगरखे शिवण्यास लावले, आणि ठरल्या दिवशी कपडे वाटले गेले.

हा प्रसंग राणीच्या औदार्याचा दाखला म्हणून अनेकदा सांगितला जातो. समीक्षकाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व निराळ्या ठिकाणी आहे. भटजींनी औदार्याचे वर्णन न करता कपडे मोजले आहेत. टोपी, अंगरखा, घोंगडे : डोके, धड आणि या दोन्हींवरून घेण्याचे पांघरूण. उत्तर हिंदुस्थानातील थंडीपासून माणसाला वाचवावयाचे असेल तर नेमके हेच लागते; नुसते घोंगडे दिले तर काम करताना ते गळून पडते, आणि नुसता अंगरखा दिला तर रात्र निघत नाही. 'चौथ्या दिवशी' हा तपशीलही तसाच बोलका आहे. दान तत्काळ झाले असे लिहिले असते तर ते अधिक भव्य दिसले असते. पण हजारो अंगांसाठी कपडे शिवावयाचे तर शिंप्यांना अवधी हवा, आणि तो अवधी येथे धरलेला आहे. दयेला शिंप्याची सुई लागते, हे या लेखकाला ठाऊक होते. घोंगड्याचे दोन रंग लिहिण्याचेही दुसरे कारण काय असणार? रंगाने ऊब वाढत नाही. पण ज्याने ते वाटप पाहिले अथवा पाहणाऱ्याकडून नीट ऐकले, त्याच्या स्मरणात रंग राहतो.

भटजी कोकणचे होते हेही येथे लक्षात घ्यावे. कोकणच्या माणसाला असल्या थंडीची सवय नसते. म्हणूनच ती त्याच्या नजरेत भरते. शिवाय हे लिहीत असताना पुढचे सारे त्यांना माहीत होते. त्याच हिवाळ्यानंतर, १८५८च्या एप्रिलच्या आरंभी झाशी पडली, शहर लुटले गेले, आणि जूनमध्ये ग्वाल्हेरीस लक्ष्मीबाईंचा अंत झाला. एवढ्या मोठ्या संहाराच्या कथेत टोप्या शिवणारे शिंपी गळून गेले असते तर कोणाच्या लक्षातही आले नसते. ते गळले नाहीत, यात या ग्रंथाचे वाङ्मयीन मोल आहे. अलंकारांचा हव्यास न धरणाऱ्या एका भिक्षुकाने आपल्या भाषेला असा परिच्छेद दिला की ज्यात ऊबदार वस्त्र प्रथम वस्त्र आहे, आणि त्यामुळेच पुढे करुणेची खूण होऊ शकते.

हीच रीत परभाषांतील दोन प्रसिद्ध कथांत अधिक विस्ताराने दिसते. रशियन लेखक गोगोल याची 'ओव्हरकोट' ही कथा १८४२ सालची. तिचा नायक एक गरीब कारकून. त्याचा जुना कोट इतका विरला आहे की शिंपी त्याला ठिगळ लावण्यासही नकार देतो. नव्या कोटाला ८० रूबल पडणार. ते जमवण्यासाठी कारकून संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती लावीत नाही, आणि बुटाचे तळ झिजू नयेत म्हणून रस्त्याने जपून पावले टाकतो. गळ्याला उंची केसाळ कातडे परवडत नाही म्हणून दुरून तसेच दिसेल असे मांजराचे कातडे निवडले जाते. या मांजराच्या कातड्यात त्या माणसाची सगळी ऐपत आणि सगळी हौस आलेली आहे. कोट चोरीला गेल्यावर तो आजारी पडून मरतो तेव्हा ते मरण आपल्याला पटते, कारण त्या कोटाचा टाका न् टाका आपण पाहिलेला असतो.

दुसरी कथा आपल्या शेजारची आहे. प्रेमचंदांची 'पूस की रात' १९३०ची. हल्कू नावाच्या शेतकऱ्याने कांबळ्यासाठी तीन रुपये जमवून ठेवले आहेत. ते देणेकऱ्याला द्यावे लागतात, आणि पौषातली रात्र त्याला शेतावर एका जाड्याभरड्या चादरीत काढावी लागते. तो कुत्र्याला जवळ घेतो, चिलीम ओढतो, पाने गोळा करून शेकोटी करतो. आणि नीलगाई पीक खात आहेत हे कळूनही शेकोटीपासून उठत नाही. सकाळी पीक गेलेले पाहून त्याच्या बायकोचा चेहरा उतरतो. त्याला मात्र आता येथे थंडीत निजावे लागणार नाही याचे समाधान वाटते. शेतकऱ्याच्या कर्जावर शेकडो लेख लिहिले गेले आहेत. तीन रुपयांच्या या कांबळ्याने जे सांगितले ते त्यांतील थोड्यांनाच सांगता आले. कथेत कांबळे कोठेच नाही, कारण ते विकतच घेतले गेले नाही. तरी सबंध कथा त्याच्याभोवती फिरते.

गोगोल, प्रेमचंद आणि आमचे गोडसे भटजी यांच्यात समान काय आहे? तिघांनीही वस्त्राचा हिशेब दिला आहे : किंमत, नग, शिवणावळ, पर्याय. हिशेब ही साहित्याला परकी वस्तू आहे असे आपल्याकडे मानले जाते. पण गरिबाच्या आयुष्यात भावना आणि हिशेब वेगळे नांदत नाहीत. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त धाकट्या भावासाठी साठवलेल्या पैशांतून शिवलेला कोट येतो. ती गोष्ट थंडीची नव्हे. पण तो कोट मनात राहतो तो त्यामागच्या साठवणीमुळे. गुरुजींना भाबडे म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही पाहावा. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ने १९५५ साली माणदेशच्या धनगरांचे जग मराठीत आणले, तेव्हा घोंगड्यालाही त्याचे मूळचे स्थान परत मिळाले. मेंढ्यांमागे हिंडणाऱ्या या माणसांच्या जगात घोंगडे हे रूपक नाही. तेच अंथरूण, तेच पांघरूण आणि पावसात तेच डोक्यावरचे छप्पर. ज्या कादंबरीचा निवेदक एक तरुण शिक्षक आहे, तिच्यात हे निरीक्षण यावे याचा आम्हा शिक्षकांना विशेष आनंद वाटावा.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. महाराष्ट्रात रशियाची थंडी नाही, मग मराठी लेखकाने ओव्हरकोट कोठून आणावा? आक्षेपात अर्धे सत्य आहे. मुंबई-कोकणचा हिवाळा सौम्यच असतो, आणि गेल्या शतकातील पुष्कळसे मराठी लेखन मुंबई-पुण्यात झाले. परंतु थंडी किती आहे हे एकट्या पाऱ्यावरून ठरत नाही. अंगावर काय आहे यावरूनही ठरते. रब्बीच्या गव्हाला रात्रीच्या विजेवर पाणी देणारा शेतकरी पौषात गुडघाभर चिखलात उभा असतो. उसाच्या फडावर पालात राहणारी तोडणी कामगारांची मुले पहाटे उठतात. त्यांना १० अंशांची थंडीही पुरेशी असते. तेव्हा थंडी नाही असे म्हणण्यापेक्षा, थंडीत उघड्यावर असलेल्या माणसाजवळ आपले लेखन फारसे गेले नाही, असे म्हणणे अधिक खरे होईल.

आणि मराठी काही महाराष्ट्रापुरती नाही. ग्वाल्हेरीस जानेवारीत पारा पुष्कळदा ५ अंशांच्या खाली उतरतो. दाट धुक्यामुळे दुपारपर्यंत ऊन दिसत नाही, आणि शाळांच्या वेळा पुढे ढकलाव्या लागतात. येथील मराठी घरांना येऊन दोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला. या घरांत दिवाळी उलटली की रजया बाहेर निघतात, कापूस पिंजून पुन्हा भरला जातो, कोळशाची शेगडी पेटते. म्हातारी माणसे बंडीवर बंडी चढवतात, आणि कानटोपीवाचून मुलाला दाराबाहेर पाऊल टाकू दिले जात नाही. हे सर्व आमच्या घरांत मराठीत घडत आले आहे. पण याच घरातला मुलगा 'हिवाळा' या विषयावर निबंध लिहू लागला की गुलाबी थंडी, हुरडा आणि उसाचा रस लिहितो. त्याने हुरडा कधी पाहिलेला नसतो. त्याच्या स्वेटराच्या बाहीतून निघालेली बोटे लेखणी धरताना वळत नसतात. पण ते निबंधात लिहावयाचे असते असे त्याला कोणी सांगितलेले नाही. पाठ्यपुस्तकातील मराठीत तशी थंडी त्याने वाचलेली नाही, आणि परीक्षकही सुंदर वाक्यांना गुण देतात.

या गोष्टीचा परिणाम निबंधापुरता राहत नाही. आपण जे जगतो ते या भाषेत लिहिण्याजोगे नाही, असे मुलाच्या मनाने एकदा घेतले की ती भाषा त्याला सणासुदीची भाषा होते. रोजचे बोलणे मग हिंदीत चालते. दुलई, बंडी, गळपट्टा हे शब्द आजीबरोबर जातात, आणि त्यांच्या जागी येणारे शब्द शेजारच्या भाषेचे असतात. शेजारच्या भाषेतून शब्द घेण्यात कमीपणा नाही. रजई हा शब्दही आपल्याकडे असाच आला आणि आपला झाला. प्रश्न एवढाच आहे की, शब्द घेणाऱ्यापाशी स्वतःचे घर शिल्लक आहे की नाही. बृहन्महाराष्ट्रातील मराठीच्या ऱ्हासाबद्दल आपण परिषदांतून बोलतो, ठराव करतो. त्याची एक सुरुवात वर्गात, हिवाळ्याच्या निबंधात होत असते, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही.

म्हणून अकादमीच्या सभासदांपुढे आणि शिक्षकबंधुभगिनींपुढे एक सूचना ठेवतो. आपल्या केंद्रांसाठी पूरक वाचनाचे उतारे निवडताना गोडसे भटजींचा तो झाशीचा प्रसंग घ्यावा. त्यापुढे 'पूस की रात'चा चांगला मराठी अनुवाद ठेवावा. नंतर मुलांना निबंधाचा विषय 'हिवाळा' असा न देता, आपल्या घरात थंडीत कोण काय अंगावर घेते ते नावानिशी लिहा, असा द्यावा. रजई कोणाच्या वाट्याला येते आणि जुनी चादर कोणाच्या, स्वेटर कोणाचा उतरून कोणाला मिळाला, दाराशी दूध घालणाऱ्याच्या डोक्याला काय गुंडाळलेले असते, हे मूल पाहू लागेल. वाक्ये कदाचित ओबडधोबड येतील. पण ती त्याची असतील, आणि त्यांत दोन-चार शब्द असे येतील की जे आपल्या कोशांतही शोधावे लागतील. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव या केंद्रांतील हिवाळे एकसारखे नाहीत. तेथील निबंध एकत्र केले तर मराठीच्या पांघरुणांचा एक संग्रहच तयार होईल.

साहित्यात प्रतीके नसावीत असे या लेखाचे म्हणणे नाही. घोंगडे भक्तीचे होवो, गोधडी आईची होवो, शाल मानाची राहो. मात्र तत्पूर्वी त्यांनी कोणाची तरी थंडी निवारलेली असावी. गोडसे भटजींच्या त्या परिच्छेदात एकही उपमा आठवत नाही. आठवते ती टोपी, अंगरखा, आणि पांढरे किंवा काळे घोंगडे. मराठी गद्याला हे १८८३ साली साधले होते. आज ज्यांच्या हाती लेखणी आहे त्यांनी, आणि ज्यांच्या हाती खडू आहे त्यांनीही, ते पुन्हा साधावे.